मजकूर-फाइलीचे एन्कोडिंग बदलणे

कोणत्या बाइटने कोणते अक्षर दाखवायचे हे ठरवणारी पद्धत म्हणजे एन्कोडिंग. फाइल एका पद्धतीने जतन केली आणि दुसरीने उघडली की अक्षरांची गिचमिड होते. ती निस्तरायला टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) बहुधा 'आयकॉन्व्ह' ही कमांड वापरतात. '-एफ' पुढे मूळ एन्कोडिंग लिहायचे, '-टी' पुढे हवे असलेले. निकाल मात्र वेगळ्या नावाच्या फाइलीत घ्यावा. निकाल फाइलीत लिहिणाऱ्या '>' चिन्हापुढे मूळ फाइलीचेच नाव दिले तर कमांड सुरू होण्याआधीच ती फाइल रिकामी होते.

सांगलीच्या मार्केट यार्डातला रोजचा शब्द घेऊ: हळद. इस्की या १९९१ च्या भारतीय मानकात तो ३ बाइटांत मावतो, युनिकोड या जागतिक अक्षरसंचाच्या यूटीएफ-१६ पद्धतीत ६ आणि यूटीएफ-८ पद्धतीत ९ बाइट घेतो. यूटीएफ-८ मधली ही 'हळद' विंडोज-१२५२ (पश्चिम युरोपीय भाषांचे जुने एन्कोडिंग) समजून उघडली तर नऊ चिन्हे दिसतात आणि त्यांत डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' तीनदा येतो. असे दिसले तर घाबरू नये, बाइट शाबूत असतात. तीच गिचमिड पुन्हा यूटीएफ-८ म्हणून जतन झाली असेल, तर उलटे रूपांतर करून 'हळद' परत मिळते. 'कृष्णा' मात्र अडते, कारण हलन्ताचा शेवटचा बाइट विंडोज-१२५२ मध्ये कोणत्याच चिन्हाला दिलेला नाही. नुसती प्रश्नचिन्हे उरली असतील तर मूळ बाइटच गेलेले असतात. त्यावर इलाज नाही. '-सी' हा पर्याय न बसणारी अक्षरे गुपचूप गाळतो, म्हणून मराठी मजकुरासाठी तो टाळलेलाच बरा.

खरी अडचण जुन्या डीटीपी (संगणकावर छपाईची मांडणी) फाइलींची आहे. श्री-लिपी, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतो. आयकॉन्व्ह ती इमानाने तशीच पुढे नेते. गावोगावच्या वाचनालयांच्या स्मरणिका आणि संस्थांचे अहवाल असे अडकून पडले आहेत, आणि ते सोडवलेच पाहिजेत. त्यासाठी त्या-त्या फॉन्टचा तक्ता असलेला परिवर्तक लागतो. नुसती अदलाबदलही पुरत नाही: अशा फॉन्टांत 'मिरज'ची पहिली वेलांटी 'म'च्या आधी टाइप केलेली असते, युनिकोडमध्ये ती 'म'च्या नंतर यावी लागते. रफाराचे याच्या उलट. तो अक्षरानंतर टाइप होतो आणि युनिकोडमध्ये आधी येतो. रूपांतर झाल्यावर 'मिरज' आणि 'कर्नाळ' यांसारखे, मूळ मजकुरात असलेले दोन शब्द फाइलीत शोधून पाहावेत. दोन्ही सापडले तरच पुढची फाइल घ्यावी.