तांबडा, पिवळा, निळा: बालवाडीतल्या तक्त्याची कुळकथा

बालवाडीत रंग मिसळण्याचा तास म्हटला की तयारी ठरलेली असते. तीन वाट्या, तीन रंग आणि भिंतीवर तक्ता: पिवळा आणि निळा मिळून हिरवा, तांबडा आणि निळा मिळून जांभळा. तास मात्र दरवेळी तक्त्याचं ऐकत नाही. एकदा छान पोपटी येतो. पुढच्या खेपेला दुकानातून दुसरी बाटली येते, तिच्यावरही ‘निळा’ असंच लिहिलेलं असतं, आणि मुलांच्या ताटलीत शेवाळी, मळकट काहीतरी उतरतं. जांभळ्याची गत त्याहून वाईट, तो सरळ चॉकलेटी होतो. ताईंचं काही चुकलेलं नसतं. गोम तक्त्यात आहे आणि ती तीनशे वर्षं जुनी आहे.

‘तीन मूळ रंग’ हा हिशेब मुळात रंगाऱ्यांचा आणि छापखान्याचा. फ्रँकफुर्टमध्ये जन्मलेल्या याकोब क्रिस्टॉफ ल ब्लॉनने निळा, पिवळा आणि तांबडा अशा तीन पत्र्यांचे ठसे एकावर एक उमटवून रंगीत चित्रं छापली आणि १७२५ च्या सुमारास लंडनमध्ये आपली रीत पुस्तकात मांडली. तीन रंगांतून बाकीचे सगळे काढता येतात आणि तिन्ही एकत्र केले की काळा होतो, असं त्याने लिहिलं. न्यूटनचं ‘ऑप्टिक्स’ १७०४ मध्येच आलं होतं. त्यात प्रकाशाचे सगळे रंग एकत्र आले की पांढरा होतो. ल ब्लॉनला हा फरक दिसला होता, त्याचं कारण हाती नव्हतं. ते १८५२ मध्ये हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने नीट सांगितलं. दोन प्रकाश एकत्र आले की भर पडते. दोन रंगद्रव्यं कालवली की प्रत्येक जण आपल्या वाट्याचा प्रकाश गिळतो आणि दोघांच्या तावडीतून जे सुटतं तेवढंच डोळ्यापर्यंत येतं. पिवळं द्रव्य निळा-जांभळा प्रकाश खातं, निळं द्रव्य तांबडा-नारिंगी खातं, मधला हिरवा वाचतो. चार वर्षांच्या मुलाला यातलं काही सांगायचं नसतं. पण तास आखणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर पुढचे घोटाळे समजत नाहीत.

लहान मुलांच्या हातात रंग ठरवून दिला तो फ्रॉबेल या जर्मन शिक्षणतज्ज्ञाने. १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला त्याने लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि १८४० मध्ये त्याला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिलं. आपल्या खेळसाहित्याला तो ‘भेटी’ म्हणे. त्यातली पहिली भेट म्हणजे दोरीला बांधलेले सहा लोकरी चेंडू: तांबडा, पिवळा, निळा, नारिंगी, हिरवा, जांभळा. तीन मूळ आणि त्यांच्या जोड्यांतून येणारे तीन, म्हणजे आपला भिंतीवरचा तक्ताच. फक्त लोकरीचे चेंडू एकमेकांत मिसळत नाहीत. मूल ते हातात घेई, झुलवी, नाव सांगे. मिश्रण मोठ्यांच्या डोक्यात राही.

अमेरिकेत स्प्रिंगफील्डच्या मिल्टन ब्रॅडलीने या त्रिकुटाशी उघड भांडण काढलं. हा शिळाछापाचा आणि बैठ्या खेळांचा कारखानदार, किंडरगार्टनचं साहित्यही करणारा. १८९० आणि १८९५ मध्ये त्याने शाळेतल्या रंगशिक्षणावर पुस्तकं काढली. तिनावर भागणार नाही, सहा प्रमाण रंग हवेत, असा त्याचा आग्रह होता. त्यासाठी त्याने भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या चकत्या वर्गात आणल्या. मध्यापासून काठापर्यंत चीर दिलेल्या कागदी चकत्या एकमेकींत अडकवायच्या आणि भोवऱ्यावर फिरवायच्या. पिवळी आणि निळी अशी फिरवा: हिरवा येत नाही, राखाडी येतो. चकती फिरते तेव्हा डोळा प्रकाशाची सरासरी काढतो, द्रव्यं एकमेकांना खात नाहीत. आजही कृतिपुस्तकांत भिंगरी आणि रंगाच्या वाट्या एकाच पानावर शेजारी दिसतात. आमच्या मते ती जोडी शिशुवर्गात नकोच. सोमवारी हिरवा पाहिलेल्या मुलाला मंगळवारी राखाडी दाखवून हाती काही लागत नाही.

माँटेसरीने १९०७ मध्ये रोममध्ये ‘बालगृह’ नावाची लहान मुलांची शाळा उघडली. तिच्याकडे रंग आले ते रेशमी धाग्याच्या रिळांवर: आठ रंग, प्रत्येकाच्या आठ छटा, एकूण ६४. काम जोड्या लावण्याचं आणि गडद ते फिकट क्रम लावण्याचं. इथेही कालवाकालव नाही. ही परंपरा आपल्याकडे गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांमार्फत आली. नूतन बाल शिक्षण संघ १९२६ चा, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीचं काम १९४५ पासून आणि कोसबाडचं १९५७ पासून. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी महाग साहित्याच्या जागी शंखशिंपले, बिया, पानं, खडे वापरले. आपल्या बालवाड्यांत ‘रंग ओळखा, सारखे एकत्र ठेवा’ हा पाठ इतका मुरलेला आणि मिसळण्याचा पाठ इतका कच्चा का, याचा काही उलगडा या वारशात होतो.

मुलांचे हात थेट रंगात घातले ते रूथ शॉ या अमेरिकन शिक्षिकेने, १९३१ च्या सुमारास, तेही रोममध्येच. गुळगुळीत कागद ओला करायचा, त्यावर दाट रंगीत लगदा ठेवायचा आणि बोटं, तळवा, कोपर काहीही चालवायचं. पिवळ्या गोळ्याशेजारी निळा गोळा ठेवला की हिरवा मुलाच्या तळव्याखाली होतो, कुणी सांगण्याआधी.

अशा लगद्यासाठी घरची खळ आजही उत्तम. अर्धी वाटी कॉर्नफ्लोअर अर्ध्या वाटी थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, दीड वाटी उकळत्या पाण्यात धार धरून ओता, ढवळत राहा. पांढरट मिश्रण पारदर्शक झालं की उतरवा. गार झाल्यावर वाट्यांत वाटून खाण्याचा रंग घाला. चमचाभर मिठाने ती थोडी टिकते, तरी पावसाळ्यात दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो, म्हणून रोजची रोज करावी. गरम पाण्यात कोरडं पीठ टाकलं तर गोळे होतात आणि मुलं मग रंग सोडून गोळेच वेचत बसतात.

आता तक्त्यातली गोम. ‘निळा’ हा एक रंग नाही. कपड्यांना द्यायच्या निळीच्या पुडीतला अल्ट्रामरीन जांभळ्याकडे झुकतो, म्हणजे तो थोडा तांबडा प्रकाश सोडतो आणि हिरवा बराच खातो. पिवळ्यात घातला की शेवाळी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा हिरव्याकडे झुकतो, त्याचा हिरवा स्वच्छ येतो. तांबड्याचंही तसंच. शेंदरी तांबड्यात पिवळ्याची बाजू असते. तो निळ्यात पडला की तिन्ही रंग एकत्र आल्यासारखं होतं आणि चॉकलेटी उतरतो. जांभळ्यासाठी राणी रंगाकडे झुकणारा तांबडा लागतो. गंमत अशी की ज्या छापखान्यातून हा तक्ता आला, त्याने तो केव्हाच टाकला. वर्तमानपत्राच्या रंगीत पानाच्या कडेला चार ठिपके असतात: आकाशीसारखा निळा, राणी, पिवळा आणि काळा. ‘तांबडा’ आणि ‘निळा’ उरले ते बालवाडीच्या भिंतीवर.

बाटली घेताना परीक्षा सोपी. तांबड्यात पांढरा घाला: राणी गुलाबी आला तर जांभळ्याला चालेल, आंब्याच्या गराकडे झुकला तर तो नारिंगीसाठी ठेवा. निळा पांढऱ्या बशीत पाण्याने पातळ करा आणि कडेला मोरपिशी झाक आहे की जांभळी, ते पाहा.

ड्रॉपरच्या तासासाठी प्रत्येक रंगाला ५० मिली पाणी, पिवळ्याला खाण्याच्या रंगाची पाव चमचा पूड, निळ्याला त्याच्या निम्म्याहून कमी. मुलापुढे बर्फाचा पांढरा ट्रे. आधी खणात पिवळ्याचे दहा थेंब, मग निळ्याचा एक. उलट क्रमाने केलं तर अर्धी बाटली पिवळा ओतूनही निळा हलत नाही, कारण गडद द्रव्य फार प्रकाश खातं. तीन वर्षांचं मूल ड्रॉपरचा फुगा दाबूनच बाहेर काढतं आणि नुसते बुडबुडे येतात. आदल्या दिवशी साध्या पाण्यावर सराव झाला की हे थांबतं. त्याहून लहानांना ड्रॉपरऐवजी स्पंजचा तुकडा द्यावा. गट पाच-सहा जणांचा, ट्रे ज्याचा त्याला. एका दिवशी दोनच रंग, तिसरी बाटली खोलीतच नको. टेबलाखाली ठेवली तरी सापडते आणि पाच मिनिटांत प्रत्येक खणात रंगपंचमीच्या संध्याकाळचं पाणी दिसतं. खाण्याचा रंग बोटांवर दोन दिवस राहतो. आधी हाताला खोबरेल लावलं की लवकर निघतो, पण खळीच्या दिवशी तेल नको, रंग कागदावर धरत नाही.

आणि हळद. घरचा सुरक्षित पिवळा म्हणून ती हटकून सुचवली जाते. पण हळदीच्या हातांना साबण लागला की पिवळ्याचा क्षणात तांबडा होतो, चुन्याने तर होतोच, पारंपरिक कुंकू त्याच रीतीने बनतं. हे मिश्रण नाही, रासायनिक बदल आहे. गोकर्णाचं निळं पाणी लिंबाने जांभळं होतं तेही तसंच. मूल आपल्या बुद्धीने हिशेब मांडतं: पिवळा आणि पांढरा मिळून तांबडा. हा पाठ सुंदर आहे, पण तो मिसळण्याच्या आठवड्यात नको, दोन-तीन महिन्यांनी स्वतंत्र घ्यावा. चुना मुलांच्या हाती कधीच देऊ नये, तो कातडी भाजतो. ओल्या हळदीच्या कापडावर साबणाची वडी फिरवली तरी पुरतं.