वाम नव्हे, लॅम्प्री

जूनमध्ये समुद्रातली मासेमारी बंद होते आणि कोकणात चढणीच्या माशांचे दिवस येतात. यंदा नेमका तेव्हाच व्हॉट्सॲपवर व्हिडिओ फिरला: वामीसारखा लांबडा जीव, गोल तोंडात दातांची वर्तुळं, खाली मजकूर, 'वाशिष्ठीत सापडला, नदीचे मासे खाऊ नका.' हा लॅम्प्री. वामीला जबडा असतो, याला नाही, हाडंही नाहीत. हा थंड प्रदेशातला प्राणी भारतातल्या एकाही नदीत नाही. शेंगटी खुशाल कालवणात घाला.

लॅम्प्रीही चढणीचाच, अंडी घालायला नदीत चढणारा. अटलांटिककडून अमेरिका-कॅनडाच्या महासरोवरांत ऑन्टारिओच्या पुढे जायला त्याला नायगारा आडवा येई. १८२९मध्ये धबधब्याला वळसा घालणारा वेलँड कालवा झाला. १९२१मध्ये लॅम्प्री ईरी सरोवरात दिसला, १९३८पर्यंत सुपिरिअरमध्ये. माशाला चिकटायचं, खरखरीत जिभेने कातडी भेदायची, लाळेने रक्त गोठू द्यायचं नाही. एकेक लॅम्प्री १८ किलोपर्यंत मासे मारतो. वरच्या सरोवरांत लेक ट्राउटची वार्षिक पकड सुमारे ६,८०० टन होती. १९६०च्या सुमारास ती दीडशे टनांच्या आत आली. बेसुमार मासेमारीचाही त्यात हात होताच. अटलांटिकमध्ये मात्र लॅम्प्री आणि मासे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदतात. आपल्या बांगड्याच्या कल्ल्यांतही नोरिलेका इंडिका हा कोळंबीचा रक्तपिपासू नातलग सापडतो, म्हणून बांगडा संपलेला नाही.

उपाय सापडला तो लॅम्प्रीच्या बालपणात. त्याची आंधळी पिल्लं काही वर्षं नदीच्या गाळात राहतात. सुमारे सहा हजार रसायनं तपासल्यावर ही पिल्लं मारणारं टीएफएम हाती लागलं. १९५८पासून ते नद्यांत सोडतात. पेशीतली मायटोकॉन्ड्रिया पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठवते आणि ते परत येताना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनवते. कोयनेचं पाणी पोफळीच्या जनित्रांतून वाशिष्ठीकडे येतं, तसं. टीएफएम प्रोटॉनना जनित्र चुकवून पडद्यापार नेतं. अन्न जळतं, ऊर्जा मिळत नाही. हे ट्राउटच्या पेशीतही होतं! पण ट्राउटचं यकृत टीएफएमला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं, मग ते विरघळून शरीराबाहेर पडतं. ही जोडणी करणारं विकर लॅम्प्रीत अगदीच तोकडं. पाणी जितकं आम्लधर्मी तितकं टीएफएम जहाल, त्यामुळे मात्रा नदीगणिक ठरवावी लागते.

कोविडमुळे २०२० आणि २०२१मध्ये ही कामं रखडली, तर लॅम्प्रींची संख्या पुन्हा वाढली.