मेंदूच्या उंबऱ्यावरची राखण

ॲमस्टरडॅमच्या नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये प्रयोगाच्या उंदरांना अंगावरचे बारीक किडे लागले. नेहमीचं आयव्हरमेक्टिन फवारलं. बाकीचे उंदीर ठणठणीत राहिले. एक विशिष्ट जनुक काढून टाकलेले उंदीर मात्र पटापट मेले. १९९४ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं.

त्या जनुकावरून जे प्रथिन बनतं, त्याचं नाव पी-ग्लायकोप्रोटीन. मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या भिंतीत ते बसलेलं असतं आणि आत शिरू पाहणारी रसायनं पुन्हा रक्तात ढकलतं. ते नसलेल्या उंदरांना आयव्हरमेक्टिन सुमारे शंभरपट बाधलं. जुलाब थांबवणारं लोपरामाइड तर अफूच्याच तऱ्हेनं काम करतं. तरी नेमल्या मात्रेत त्याची नशा चढत नाही, ती याच प्रथिनामुळे.

या पंपाची रचना मला फार देखणी वाटते. चरबीत विरघळणारं औषध पेशीपटलात सहज शिरतं आणि तिथेच, पेशीत नीट पोचण्याआधीच, ते पकडलं जातं. पंपाचे दोन भाग चिमट्यासारखे; तोंड पेशीच्या आतल्या बाजूला. पोकळीत औषध अडकलं, एटीपीचे (पेशीच्या इंधनाचे) दोन रेणू येऊन चिकटले, की आतली बाजू मिटते, बाहेरची उघडते आणि औषध बाहेर पडतं. एटीपी खर्ची पडलं की चिमटा पूर्ववत. बहुतेक प्रथिनं एखाद-दुसराच रेणू ओळखतात. याची पोकळी ऐसपैस, म्हणून एकमेकांशी काही नातं नसलेली कितीतरी रसायनं तिच्यात मावतात.

हीच गोष्ट कर्करोगात जिवावर बेतते. १९७६ साली टोरांटोत ज्युलियानो आणि लिंग यांना हे प्रथिन सापडलं, ते कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या हॅमस्टरच्या पेशींत. (आपल्या रानातल्या कळलावीत असतं तेच हे विष.) त्या पेशी कधी न पाहिलेल्या औषधांनाही दाद देत नव्हत्या. अंगणातल्या सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर दिलं जातं. पंप वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशी तेही बाहेर फेकतात.

मग पंपच बंद पाडला तर? १९८१ साली जपानमध्ये त्सुरुओ यांनी रक्तदाबावरच्या व्हेरापामिलनं ते करून दाखवलं, पण प्रयोगशाळेतल्या पेशींत आणि उंदरांत. रुग्णांमध्ये तेवढी मात्रा हृदयाला झेपेना. पुढच्या औषधांनीही निराशाच केली, कारण यकृत, मूत्रपिंड, आतडं इथले पंपही बंद पडत आणि कर्करोगाचं औषध शरीरातच साचून राही. शिवाय गाठीकडे इतर पंप असतातच.

आतड्यातला पंप उलट वाढूही शकतो. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन तेच करतं. मग हृदयासाठी रोज घेतलेली डिगॉक्सिनची गोळी पोटात जाते, पण तिचा बराच भाग रक्तात पोचण्याआधीच आतड्यात परत ढकलला जातो.