गिटारचा पिक: कासवाची पाठ, कापूर आणि घसरणारा अंगठा

गिटारच्या तारा छेडायचा छोटा चपटा तुकडा म्हणजे पिक. दुकानातल्या बरणीतला सगळ्यांत साधा पिक उजेडात धरला, तर तो बऱ्याचदा तपकिरी निघतो आणि त्यात पिवळसर ढगाळ डाग दिसतात. ही कासवाच्या पाठीची नक्कल आहे. शंभर वर्षांपूर्वी चांगला पिक म्हणजे हॉक्सबिल या समुद्री कासवाच्या पाठीवरच्या खवल्यातून कापलेला तुकडा. खवला केराटिनचा, म्हणजे आपल्या नखाच्याच पदार्थाचा. सतारीच्या तारेच्या मिजराबीला आपण नखी म्हणतो, पण शब्दाला खरी जागणारी नखी ही कासवाची.

गिटारला मात्र पिकची गरज उशिरा पडली. युरोपात ल्यूट हे वाद्य आधी पिसाच्या देठाने छेडत. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात एकाच वेळी अनेक स्वरावली वाजवायची पद्धत रुळली आणि वादकांनी पीस टाकून बोटं वापरायला सुरुवात केली. आतड्याच्या तारांची गिटारही बोटांनीच वाजत राहिली. पिक टिकला तो मँडोलिनवर. तिथे धातूच्या जोडतारा असतात. त्या बोटाच्या मांसाने नीट बोलत नाहीत. अमेरिकेत मँडोलिन आणि बँजो वाजवणारे पुढे गिटारकडे वळले, तेव्हा पिक आणि तो धरायची रीत दोन्ही सोबत घेऊन आले.

१९२२ हे साल इथे सारखं समोर येतं. गिब्सन या वाद्यं बनवणाऱ्या कंपनीने एल-५ हे फुगीर दर्शनी भागाचं, व्हायोलिनसारख्या छिद्रांचं गिटार आणलं. निक लुकास या वादकाने पिकने वाजवलेल्या गिटारच्या दोन एकल रचना ध्वनिमुद्रित केल्या. आणि न्यूयॉर्कमध्ये लुइजी डी'आंद्रे याने सेल्युलॉइडच्या पत्र्यातून साच्याने पिक ठोकून काढायला सुरुवात केली. माइक-अँपशिवाय बँडच्या गोंगाटात गिटार ऐकू यायचं, तर पोलादी तारा आणि टणक पिक हवाच होता.

सेल्युलॉइडला अमेरिकेत हायट बंधूंनी १८७० मध्ये पेटंट घेतलं. बिलियर्डच्या हस्तिदंती चेंडूंना पर्याय शोधताना ते सापडलं. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांचं हे मिश्रण. म्हणून सेल्युलॉइडचा पिक जीन्सवर जोरात घासून नाकाशी नेला, तर देवघराची आठवण यावी असा वास येतो. तो कापरासारखाच भुर्रकन पेटतोही. ऐटीत काडी लावून पाहू नये.

साच्याचा फायदा असा, की आकार वाट्टेल तेवढे निघतात. सुरुवातीचे पुष्कळसे पिक मोठे, पत्त्यांतल्या बदामासारखे. आज सर्वत्र दिसणारा गोलसर कोपऱ्यांचा त्रिकोण '३५१' म्हणून ओळखला जातो. हा डी'आंद्रेच्या यादीतला क्रमांक, बाकी त्यात काही गूढ नाही. नवशिक्याला हाच बरा, कारण अंगठा टेकायला त्यावर पुरेशी जागा असते. जॅझ प्रकारचे छोटे पिक अचूक खरे, पण पकड बसलेली नसेल तर ते बोटांत हरवतात.

कासवाचा खवला बोटाच्या उबेने जरा चिकटल्यासारखा होतो; गुळगुळीत सेल्युलॉइड घामात घसरतं. त्यामुळे पिकवर कॉर्क चिकटवणं, रबर लावणं, मधोमध भोक पाडणं, खाचा करणं असे उपाय विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपासून चालू आहेत. ते आजही चालतात. मुंबई-कोकणच्या दमट हवेत पिक फिरत असेल, तर त्याच्या दोन्ही बाजू, टोक सोडून, २२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडव्या-उभ्या घासाव्यात. दोन मिनिटांचं काम आहे.

मात्र पिक फिरतो तो दर वेळी घामामुळेच नव्हे. मँडोलिनवाल्यांकडून आलेली पकड अशी: मूठ सैल मिटायची, तर्जनी आत वळवायची, तिच्या शेवटच्या पेराच्या बाजूवर पिक ठेवायचा आणि वरून अंगठ्याचा सपाट भाग टेकवायचा. टोक अंगठ्याशी साधारण काटकोनात, बाहेर फक्त ३ ते ५ मिलिमीटर. नवशिके निम्मा पिक बाहेर ठेवतात. मग तार टोकाला ढकलते तेव्हा बाहेरचा भाग तरफेसारखा काम करतो, पिक वळतो आणि शेवटी गिटारच्या पोटात जातो. त्यावर घट्ट दाबणं हा चुकीचा उपाय. अंगठा आवळला की मनगट आखडतं आणि खालून वर जाणारा आघात अडखळतो. दुसऱ्याने हलकेच ओढल्यावर पिक सुटून आला पाहिजे, एवढाच दाब ठेवावा. टोक तारेवर अगदी सपाट न आपटता किंचित तिरकं ठेवलं की ते तारेत अडकत नाही. अंगठा आणि दोन बोटांची पकड काही शिक्षक चूक ठरवतात, ते जरा जास्तच झालं. एडी व्हॅन हेलन हा नामवंत रॉक गिटारवादक तर अंगठा आणि मधल्या बोटात पिक धरायचा.

कासवाच्या खवल्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९७० च्या दशकात बंदी आली. त्यानंतर १९८१ मध्ये डनलॉप या पिक बनवणाऱ्या कंपनीने डेलरिन प्लास्टिकचे टॉर्टेक्स पिक आणले. नावात आणि छापात कासव अजून आहेच. त्यांचा पृष्ठभाग मॅट, म्हणून घामातही धरवतो. पूर्वी पिकवर 'थिन', 'मीडियम', 'हेवी' असं मोघम लिहिलेलं असे आणि एकाचा मीडियम दुसऱ्याच्या थिनच्या जवळ जाई. टॉर्टेक्समध्ये रंग म्हणजे जाडी: लाल ०.५०, नारिंगी ०.६०, पिवळा ०.७३, हिरवा ०.८८, निळा १.०, जांभळा १.१४ मिलिमीटर.

सुरुवातीला नारिंगी, पिवळा आणि हिरवा एकेक घ्यावा. कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकदम, झोडायला नारिंगी सोपा, कारण हात चुकला तरी तोच वाकतो. पण एकेक सूर वाजवताना तो वाकून परत यायला वेळ घेतो आणि फटफट आवाज तारेच्या आवाजावर चढतो. हिरव्याने सूर स्वच्छ येतो, मात्र कॉर्डवर हात जड असेल तर पातळ तारा करकरतात. बहुतेकांचा हात काही आठवड्यांत पिवळ्यावर स्थिरावतो. टोकाची एक बाजू झिजून तिरपी झाली आणि जाड तारांवर खरखर वाढली, की पिक फेकू नये. ३५१ चे उरलेले दोन कोपरे अजून कोरे असतात, आणि ते थोडे जास्त गोल असल्याने त्यांचा आवाजही मऊ येतो.