कॉइलचं तापमान कापूस ठरवतो

ब्रिटनमध्ये 1 जून 2025 पासून एकदा वापरून फेकून द्यायच्या व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, विक्रीवर बंदी आली. अशा प्रत्येक नळकांड्यात एक लिथियमची बॅटरी, बोटभर तार आणि चिमूटभर कापूस असायचा, आणि द्रव संपला की सगळं एकदम कचऱ्यात जायचं. याच्या अगदी दुसऱ्या टोकाची पद्धत त्याआधीपासून आहे: धातूचं भांडं वर्षानुवर्षं तेच ठेवायचं, आणि आतली तार नि कापूस आपल्या हातानं बदलायचा. याला रीबिल्डेबल ॲटोमायझर म्हणतात. तिकडे राहणाऱ्या आणि सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे वळलेल्या मराठी वाचकांपैकी काहींना आता हे शिकावंसं वाटत असेल, म्हणून त्यामागचं विज्ञान सविस्तर सांगतो.

आधी दोन गोष्टी स्पष्ट. भारतात 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात या सगळ्याला मनाई आहे. त्यामुळे हा उद्योग पुण्या-मुंबईत करायचा नाही, आणि सुट्टीला येताना सामान बॅगेत घालून आणायचंही नाही. दुसरं, जो धूम्रपान करत नाही त्यानं यात पडूच नये. निकोटीनची सवय लागते आणि ती सुटताना माणसाला पिळून काढते.

रीबिल्डेबल ॲटोमायझर उघडला की आत एक छोटा चबुतरा दिसतो. त्याला डेक म्हणतात. डेकवर दोन खांब असतात, एक धन आणि एक ऋण, आणि धन खांब बाकीच्या धातूपासून निरोधकानं वेगळा ठेवलेला असतो. तारेची दोन टोकं या खांबांना स्क्रूनं आवळायची, मधल्या वेटोळ्यातून (यालाच कॉइल म्हणतात) कापूस ओवायचा, कापसाची टोकं द्रवात सोडायची. ज्यात वरून थेंब-थेंब द्रव घालावं लागतं तो आरडीए, म्हणजे ड्रिपर. ज्यात टाकी असते तो आरटीए. नवशिक्यानं ड्रिपरवर हात बसवावा असं माझं मत आहे, कारण झाकण काढलं की कापूस कुठे ओला आहे आणि कुठे कोरडा पडलाय हे डोळ्यांना दिसतं. आरटीएमध्ये तेच बंद भिंतींच्या आड चालतं.

आता तार. सगळ्यात प्रचलित तार कॅन्थलची: लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातू. 26 गेजची तार सुमारे 0.4 मिलिमीटर जाड असते आणि तिच्या एका मीटरचा रोध 11 ओहमच्या आसपास भरतो. 3 मिलिमीटरच्या दांडीवर तिचे सहा वेढे घेतले आणि खांबांपर्यंतचे पाय धरले, तर सात-साडेसात सेंटिमीटर तार लागते. म्हणजे कॉइलचा रोध साधारण 0.8 ओहम. अशीच दुसरी कॉइल समांतर जोडली की एकूण रोध निम्मा, 0.4 ओहम. शाळेतला ओहमचा नियम इथे हातात घेऊन वापरता येतो, आणि मला या छंदातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

वेढ्यांमधल्या या तारेचं वजन जेमतेम 60 मिलिग्रॅम असतं. एवढासा धातू खोलीच्या तापमानापासून 200 अंशांपर्यंत न्यायला पाच ज्यूलच्या आसपास ऊर्जा पुरते. 20 वॅट दिले तर हे काम पाव सेकंदात उरकतं. मग तीन सेकंद बटण दाबून धरलं तर उरलेल्या ऊर्जेचं काय होतं? कोरड्या कॉइलमध्ये ती तारेतच साठत जाते आणि तार लाल होते. ओल्या कॉइलमध्ये मात्र ती द्रव उकळण्यात खर्च होते. द्रवात मुख्यतः प्रॉपिलिन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. पहिल्याचा उत्कलनांक 188 अंश सेल्सिअस, दुसऱ्याचा 290. मिश्रण याच्या अधेमधे उकळतं, आणि तारेला चिकटून द्रव आहे तोवर तार त्याच्या फार वर जाऊ शकत नाही. वॅट वाढवले तर वाफ जास्त होते, तापमान फारसं चढत नाही. समईत तेल असेपर्यंत वात जळून जात नाही आणि तेल संपलं की काजळते, तसंच हे आहे.

नवीन माणूस तारेच्या प्रकारांत, वेढ्यांच्या आकारांत आणि वॅटच्या आकड्यांत हरवून जातो. पण कॉइल किती तापणार हे शेवटी ठरतं ते कापूस तिला किती वेगानं द्रव पुरवतो त्यावर.

हिशोब करून पाहू. 20 वॅट गुणिले तीन सेकंद म्हणजे 60 ज्यूल. एक ग्रॅम द्रव उकळेपर्यंत तापवणं आणि त्याची वाफ करणं या दोन्हींना मिळून साधारण 1400 ज्यूल लागतात. म्हणजे एका झुरक्यात कागदावर जास्तीत जास्त 40 मिलिग्रॅम द्रवाची वाफ होऊ शकते. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत आणि धातूत जाते, त्यामुळे आकडा खाली येतो. पण आपल्या सहा वेढ्यांच्या पोकळीत कापसासकट मावणारं द्रवच 20 मिलिग्रॅमहून कमी भरतं. म्हणजे एक लांब झुरका कॉइलच्या पोटातलं बहुतेक द्रव संपवू शकतो, आणि झुरका चालू असतानाच बाजूच्या कापसातून नवीन द्रव आत यावं लागतं.

हे काम केशाकर्षणाचं. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींमधून द्रव स्वतःहून पुढे सरकतं. यातली मेख अशी की अंतर दुप्पट झालं तर लागणारा वेळ चौपट होतो. म्हणून कापसाच्या शेपट्या लांबलचक ठेवू नयेत. दुसरा अडसर दाटपणाचा, म्हणजे द्रव किती जड वाहतं याचा. खोलीच्या तापमानाला ग्लिसरीन पाण्यापेक्षा हजारपटीहून अधिक दाट असतं, प्रॉपिलिन ग्लायकॉल पन्नासपटीच्या आसपास. ग्लिसरीनचं प्रमाण जास्त असलेलं द्रव वापरायचं असेल तर कापूस सैल हवा आणि त्याच्या वाटा रुंद हव्यात. थंडीच्या दिवसांत तोच ॲटोमायझर अचानक कोरडा पडू लागतो, त्याचं कारणही हेच.

कापूस मागे पडला तर काय होतं, यावर चांगलं संशोधन झालेलं आहे. 2015 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की एका व्हेपमधून 3.3 व्होल्टला फॉर्माल्डिहाइड सोडणारी संयुगं सापडत नाहीत, पण 5 व्होल्टला भरपूर सापडतात. बातमी जगभर गाजली. त्याच वर्षी ग्रीसचे हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी वेगळ्या बाजूनं प्रश्न विचारला. त्यांनी दोन रीबिल्डेबल ॲटोमायझर घेतले. एकात दुहेरी वात घातली, दुसऱ्यात नेहमीसारखी एकेरी. मग सात अनुभवी व्हेपरांना वेगवेगळ्या वॅटवर झुरके घ्यायला सांगितलं. एकेरी वातीच्या ॲटोमायझरमध्ये 9 आणि 10 वॅटला सगळ्यांनाच घसा जाळणारी करपट चव लागली, आणि त्या स्थितीत घातक अल्डिहाइडं (फॉर्माल्डिहाइड त्यांतलंच एक) 30 ते 250 पटींनी वाढलेली आढळली. दुहेरी वातीच्या ॲटोमायझरमध्ये तेवढ्याच वॅटला तसं काहीच झालं नाही. फरक होता तो वातीचा.

याचा अर्थ वाफ निर्धोक आहे असा नाही. चांगल्या कापसावरही थोडी अल्डिहाइडं तयार होतातच. पण करपट चव म्हणजे शरीरानं दिलेला खरा इशारा आहे. असा झुरका आला की बटण सोडायचं, झाकण उघडायचं आणि कापूस बदलायचा. "अजून एक ओढून बघू" असं करू नये.

आता हातानं करायचं काम. कॉइल गुंडाळून खांबांत आवळली की कापूस घालण्याआधी तिचा रोध ओहम मीटरवर मोजायचा. आकडा अपेक्षेच्या जवळ आहे का आणि स्थिर आहे का ते पाहायचं. हलत असेल तर स्क्रू सैल आहे. शून्याच्या जवळ असेल तर तार कुठेतरी भांड्याला टेकली आहे, आणि बटण मुळीच दाबायचं नाही. सगळं ठीक असेल तर कमी वॅटवर अर्ध्या-एक सेकंदाचे ठोके द्यायचे, म्हणजे बटण तेवढंच दाबून सोडायचं. चांगली कॉइल मधून बाहेरच्या बाजूला उजळत जाते. एखादा वेढा आधीच लाल होत असेल तर सिरॅमिकच्या चिमट्यानं तारेवर हलकेच घासायचं आणि थंड झाल्यावर वेढे जवळ दाबायचे. एकमेकांना चिकटलेल्या वेढ्यांमधून वीज आडवाटेनं का जात नाही, हा प्रश्न इथे पडायला हवा. कॅन्थल तापली की तिच्यातलं ॲल्युमिनियम पृष्ठभागावर येऊन ऑक्साइडचा पातळ थर धरतं. तो थर विजेला अडवतो. त्यामुळे या दोन-चार ठोक्यांत तार स्वतःच स्वतःला निरोधक कवच चढवत असते.

कापूस ओवताना तो वेटोळ्यातून किंचित घासत सरकावा, पण कॉइल ओढली जाऊन वाकडी होता कामा नये. दाबून भरलेल्या कापसात फटीच उरत नाहीत, मग द्रव येणार कुठून? ड्रिपरमध्ये शेपट्या तळाला टेकतील एवढ्याच कापायच्या. आरटीएमध्ये त्या द्रवाच्या वाटांवर अलगद बसल्या पाहिजेत, ठासलेल्या नकोत. टाकी बंद असते, त्यामुळे द्रव जसं बाहेर जातं तसा आतला दाब कमी होतो, आणि त्या वाटेनंच हवेचे बुडबुडे आत जाऊन तो भरून काढतात. कापूस फार भरला तर बुडबुड्यांची वाट बंद होऊन कॉइल कोरडी पडते. फार कमी ठेवला तर हवा मोकळेपणानं आत शिरते आणि द्रव खालून गळतं. कपाळाला हात लावायला लावणारी गळती बहुतेक वेळा याच कारणानं होते.

बॅटरीबद्दल मात्र मी कडक बोलणार. 18650 मापाची पूर्ण भरलेली लिथियम बॅटरी 4.2 व्होल्ट देते. 0.5 ओहमच्या कॉइलमधून त्यावर 8.4 अँपियर वाहतात, 0.2 ओहममधून 21, आणि 0.1 ओहममधून 42. या मापाच्या चांगल्या बॅटऱ्यांची सतत धारा देण्याची मर्यादा 20-25 अँपियरच्या आसपास असते, पुष्कळांची त्याहून कमी. ॲटोमायझर ज्यावर बसतो त्या बॅटरीच्या भागाला मॉड म्हणतात. मेकॅनिकल मॉड म्हणून मिळणाऱ्या धातूच्या नळीत कसलंही इलेक्ट्रॉनिक संरक्षण नसतं. बॅटरी आणि कॉइल यांच्यामध्ये फक्त एक बटण. 2018 मध्ये फ्लोरिडात आणि 2019 मध्ये टेक्सासमध्ये व्हेपच्या स्फोटानं माणसं दगावली आहेत. शिकायला सुरुवात करणाऱ्यानं मेकॅनिकल मॉडला हात लावू नये. शॉर्ट सर्किट ओळखून बंद होणारा नियंत्रित मॉडच घ्यावा. बॅटरीचं वरचं आवरण फाटलं असेल तर ती वापरू नये, आणि सुटी बॅटरी नाणी-किल्ल्यांसोबत खिशात कधीच टाकू नये.

काही मॉड तापमानही सांभाळतात. स्टेनलेस स्टील किंवा टायटॅनियमची तार तापली की तिचा रोध मोजता येईल इतका वाढतो. 0.50 ओहमची स्टीलची कॉइल 200 अंशांनी तापली की 0.60 च्या जवळ जाते. मॉडमधली चिप हा फरक वाचून वॅट कमी करते. कॅन्थलचा रोध जवळजवळ बदलतच नाही, म्हणून तिच्यावर ही सोय चालत नाही. टायटॅनियम मात्र लाल होईपर्यंत तापवू नये.

द्रव निवडताना निकोटीनकडे लक्ष द्या. ब्रिटनमध्ये 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ही वरची मर्यादा आहे, पण मोठी वाफ देणाऱ्या अशा कॉइलवर बहुतेकांना 3 पुरतं. तेलकट काहीही या भांड्यात घालू नका. 2019 मध्ये अमेरिकेत व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेल्या गांजाच्या द्रवांमुळे फुप्फुसाच्या आजाराची मोठी साथ आली आणि फेब्रुवारी 2020 पर्यंत 68 माणसं गेली. निकोटीनची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, गिळल्यास ते विष आहे.

गोड द्रवातली साखरेसारखी द्रव्यं तारेवर काळा थर धरतात आणि कापसाच्या फटी बुजवतात. चव मंदावली की कापूस काढून टाकायचा, मोकळी कॉइल हलक्या ठोक्यांनी तापवून थर जाळायचा, थंड झाल्यावर डेक पाण्याखाली धरून नीट वाळवायचा. स्क्रू पुन्हा आवळायचे, कारण तापण्या-निवण्यानं ते सैल होतात. मग रोध पुन्हा मोजायचा, आणि त्यानंतरच नवा कापूस.