कुबट, खवट, आंबूस

गेल्या मे महिन्यात आम्ही तीन आठवडे कोकणात गावी राहून पुण्याच्या घरी परतलो, तेव्हा दाराचे कुलूप काढताच आतून असा काही दर्प आला की सामान दारातच ठेवून सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आईच्या मते कपाटामागे उंदीर मेला होता, तर शेजारच्या काकूंच्या मते फ्रिज बंद पडून आतले काहीतरी सडले असावे. फ्रिज चालू होता आणि उंदीर काही सापडला नाही. खोल्याखोल्यांतून हुंगत फिरल्यावर वासाचे मूळ सापडले ते एरवी फारशा न वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या न्हाणीघरात. जमिनीतली स्टीलची जाळी उचलून आत बॅटरीचा उजेड टाकला, तर जिथे नेहमी पाणी चमकते तिथे क्षारांचा पांढरट, कोरडा थर दिसत होता आणि एक झुरळ मिशा हलवत वर येत होते. अर्धी बादली पाणी ओतले, खिडक्या उघडल्या, आणि तासाभरात वास नाहीसा झाला.

प्लंबर ज्याला ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात, त्याचे काम एवढेच असते की सांडपाणी खाली जाऊ द्यायचे, पण गटारातली हवा वर येऊ द्यायची नाही. त्यासाठी त्याच्या वाटीसारख्या भागात साधारण 50 मिलिमीटर उंचीचे पाणी कायम साचून राहते आणि ते बुचासारखे काम करते. नळीला बाक देऊन त्यात पाणी अडवण्याच्या या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीने 1775 मध्ये घेतले. आजही प्रत्येक बेसिनखालची वाकडी नळी त्याच तत्त्वावर चालते. घर बंद असले की उन्हाळ्यात हे पाणी उडून जाते आणि मग गटारातला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू, थेट घरात शिरतो. लांब जाण्यापूर्वी प्रत्येक जाळीत पाणी ओतून त्यावर चमचाभर गोडेतेल सोडले, तर तेलाच्या थरामुळे बाष्पीभवन मंदावते. आम्ही आता कुलूप लावण्याआधी गॅसचा रेग्युलेटर बंद करतो, त्याच फेरीत हेही उरकतो.

या प्रसंगात माझी पहिली चूक अशी झाली होती की मी आधी उदबत्ती पेटवली. त्यामुळे घरात गटार आणि चंदन असे दोन वास एकत्र नांदू लागले आणि मूळ शोधणे अधिकच अवघड झाले. वास म्हणजे कोणत्या ना कोणत्या वस्तूपासून सुटून हवेत आलेले रेणू असतात. त्या रेणूंची जात ओळखली की उपाय बहुतेक वेळा स्वयंपाकघरातच सापडतो. आणि ही ओळख पटवण्याचे अर्धे काम मराठीने आधीच करून ठेवले आहे. आपण नुसते ‘घाण वास’ म्हणून थांबत नाही. कुबट, खवट, आंबूस, हिवस, मातकट, करपट असे वेगवेगळे शब्द वापरतो, आणि गंमत अशी की यांतल्या बहुतेक शब्दांमागे रसायनांचे एकेक वेगळे कुटुंब उभे आहे.

हिवस वासापासून सुरुवात करू. समुद्रातले मासे खाऱ्या पाण्यात तग धरण्यासाठी शरीरात ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे द्रव्य साठवतात. त्याला स्वतःचा वास नसतो. मासा मेल्यावर त्यावर वाढणारे जीवाणू त्याचे ट्रायमिथाइलअमाइन करतात आणि तोच बाजारातला, ओट्यावरचा, बोटांना चिकटून राहणारा वास होय. म्हणूनच नुकत्या पकडलेल्या बांगड्याला तो जवळजवळ नसतो. हे द्रव्य अल्कधर्मी आहे. त्याला आम्ल भेटले की त्याचे क्षार बनतात, क्षार हवेत उडत नाहीत, आणि जे उडत नाही ते नाकापर्यंत पोहोचत नाही. कोकणात मासळीच्या कालवणात आमसूल, चिंच किंवा कैरी पडते आणि तळणीच्या तुकड्यांना लिंबू चोळले जाते, ते चवीसाठी खरेच, पण त्याचबरोबर हे रसायनशास्त्रही पिढ्यान्‌पिढ्या राबवले गेले आहे. ओटा, सुरी, पाटा आणि हात यांनाही हेच लागू पडते: आधी साबण, मग लिंबाची फोड किंवा पाण्यात कालवलेले व्हिनेगर. खायचा सोडा इथे निरुपयोगी आहे, कारण तोही अल्कधर्मी आहे.

रोहू-कटल्यासारख्या गोड्या पाण्यातल्या माशांचा वास मात्र हिवस कमी आणि मातकट जास्त असतो. त्याला कारणीभूत असलेले जिओस्मिन हे द्रव्य मातीतले आणि पाण्यातले सूक्ष्मजीव तयार करतात. पहिल्या पावसात मृद्गंध म्हणून आपण ज्याच्यासाठी खिडकीत उभे राहतो, त्यातही मुख्यतः हेच असते. माणसाचे नाक याबाबतीत थक्क करणारे आहे, कारण एक लाख कोटी भागांत जेमतेम पाच भाग जिओस्मिन असले तरी ते आपल्याला जाणवते. अंगणात हवाहवासा वाटणारा तोच रेणू ताटात आला की आपण नाक मुरडतो. आम्लात जिओस्मिनचे विघटन होत असल्यामुळे चिंचेचा कोळ इथेही उपयोगी पडतो.

आंबूस वासाचे गणित बरोबर उलटे आहे. ओला राहिलेला ओट्याचा फडका, कचऱ्याच्या डब्याचा तळ, नासलेले दूध, दिवसभर बुटात कोंडलेले मोजे, या सगळ्यांत जीवाणूंनी तयार केलेली लहान आकाराची मेदाम्ले असतात, जसे की ब्यूटिरिक आणि आयसोव्हॅलेरिक आम्ल. आम्लाला अल्क हवे, त्यामुळे बुटात रात्री भुरभुरलेला खायचा सोडा किंवा फडके भिजवताना टाकलेला धुण्याचा सोडा खरोखर काम करतो. फ्रिजमध्ये वाटीत सोडा ठेवण्याच्या प्रथेवर मात्र माझा फारसा विश्वास नाही, कारण वाटीतल्या सोड्याचा फक्त वरचा थरच हवेच्या संपर्कात येतो. त्यापेक्षा सक्रिय कोळसा बरा, कारण त्याच्या एका ग्रॅममधल्या सूक्ष्म छिद्रांचा एकूण पृष्ठभाग 500 चौरस मीटरहूनही अधिक भरू शकतो आणि वासाचे रेणू त्या छिद्रांत चिकटून बसतात. आणि त्याहूनही बरे म्हणजे दर शनिवारी फ्रिज पुसून, मागे ढकललेली वाटी बाहेर काढणे.

आता महाराष्ट्रातल्या पावसाळ्याचा कायमचा पाहुणा, कुबट वास. जुलैत मुंबईत हवेतली सापेक्ष आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर असते, तेव्हा खोलीत दोरीवर टाकलेला टॉवेल दोन दिवस दमट राहतो. जपानी संशोधकांनी 2012 मध्ये अशा कपड्यांच्या वासाचा छडा लावला. 4-मिथाइल-3-हेक्झेनोइक आम्ल हे त्याचे मुख्य द्रव्य निघाले आणि ते तयार करणारा जीवाणू होता मोराक्सेला ऑस्लोएन्सिस, जो कपड्यात राहिलेल्या घामावर आणि तेलकटपणावर जगतो. हा जीवाणू चिवट आहे. तो कोरडेपणा सोसतो आणि अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. त्यामुळेच धुऊन वाळवलेला, वरवर स्वच्छ वाटणारा टॉवेल अंग पुसताना पुन्हा ओला झाला की लगेच तोच वास देऊ लागतो. अशा टॉवेलवर सुगंधी द्रव ओतणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे. त्याला उष्णता लागते: 60 अंशांचे पाणी, धुण्याचा सोडा आणि त्यात तासभर भिजवण. पूर्वीचे परीट कपडे भट्टी लावून उकळत असत, त्यामागे डागांइतकेच हेही कारण असावे असे मला वाटते. पुढून दार असलेल्या वॉशिंग मशीनच्या रबराच्या घडीत बोट फिरवून पाहावे. तिथला काळा, बुळबुळीत थर म्हणजे याच जीवाणूंची आणि त्यांच्या भाईबंदांची वसाहत असते, आणि दार उघडे ठेवले नाही तर ती वाढतच जाते.

कपाटातला आणि भिंतीचा कुबटपणा बुरशीचा असतो. आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली ठेवता आली तर बुरशी फारशी फोफावत नाही, पण आपल्याकडे पावसाळ्यात ते यंत्राशिवाय शक्य नसते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढणे, खच्चून न भरणे आणि उघडीप मिळाली की दारे सताड उघडणे एवढे तरी करावे. डांबराच्या गोळ्या बुरशीवर उपाय नव्हेत. त्यांतल्या नॅप्थलीनची वाफ किड्यांना पळवते, आणि जी-6-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या तान्ह्या बाळाला त्या गोळ्यांत ठेवलेले कपडे घातल्यास त्याच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. बाळंतविड्यासाठी जपून ठेवलेली झबली काढताना हे लक्षात असू द्यावे. आपल्या आज्या कपड्यांत वेखंडाचे तुकडे ठेवत.

उन्हात वाळलेल्या कपड्यांचा ताजा वास हाही भास नव्हे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एकसारखे धुतलेले टॉवेल खोलीत, सावलीत आणि उन्हात वाळवून पाहिले, तेव्हा उन्हातल्या टॉवेलवर पेंटॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल अशी सुगंधी अल्डिहाइडे आढळली. त्याच कुळातली काही द्रव्ये खवट वासालाही जबाबदार असतात. शेंगदाण्याच्या कुटातले किंवा चकलीतले तेल हवेतल्या प्राणवायूने बिघडले की हेक्झॅनलसारखी अल्डिहाइडे सुटतात. गॅसमागच्या भिंतीवर आणि चिमणीच्या जाळीवर बसलेल्या फोडणीच्या चिकट थरातही हेच चाललेले असते, आणि तो गरम पाणी व सोड्याने खरवडून काढण्याला पर्याय नाही. लसूण आणि हिंगातली गंधकयुक्त द्रव्ये ना आम्लाला जुमानत ना अल्काला. तिथे खिडकी उघडणे हेच खरे.

फवाऱ्यांचे म्हणाल तर बहुतेक वास नुसता झाकतात. काहींत स्टार्चपासून बनवलेले सायक्लोडेक्स्ट्रिन असते. त्याचे रेणू बांगडीसारखे पोकळ असल्यामुळे दुर्गंधाचे रेणू त्यात अडकून राहतात, म्हणजे थोडे खरे कामही होते. मात्र लिंबाच्या वासाच्या फवाऱ्यातले लिमोनिन हवेतल्या ओझोनशी मिळून फॉर्माल्डिहाइड तयार करते आणि उदबत्तीच्या धुरात फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण असतात, त्यामुळे देवापुढे उदबत्ती लावावीच, पण खिडकी किलकिली ठेवून. एका बाबतीत तर कडक राहायलाच हवे: संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र ओतू नये, कारण त्यातून क्लोरिन वायू निघतो आणि बंद, अरुंद संडासात तो प्राणावर बेतू शकतो.

आपण एवढा सुगंध का उडवत राहतो, याचेही कारण नाकातच आहे. माणसाच्या नाकात गंध ओळखणारे सुमारे 400 प्रकारचे ग्राही असतात. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सल यांना या ग्राहींच्या शोधाबद्दल 2004 चे नोबेल मिळाले. तोच वास सतत येत राहिला की काही मिनिटांतच त्याची जाणीव बोथट होते. त्यामुळे आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही, पाहुण्याला मात्र उंबऱ्यावरच येतो, आणि फवारा मारणाऱ्याला तो दर खेपेला कमीच वाटत जातो. मॅनहोलमध्ये तर हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण फार वाढले की नाक पूर्ण बधिर होते, आणि वास गेला म्हणजे धोका टळला असे समजून माणूस आणखी खाली उतरतो.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. 1937 मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन येथील शाळेत गळती कोणाच्या लक्षात न आल्याने स्फोट झाला आणि सुमारे 300 जण, त्यांत बहुतेक मुले, मृत्युमुखी पडली. त्यानंतर अशा वायूंत मुद्दाम उग्र वास मिसळणे तिथे बंधनकारक झाले. आपल्या सिलिंडरमध्ये त्यासाठी इथाइल मरकॅप्टन असते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला की विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. आणि तासभर स्वयंपाकघरातच असलेल्या माणसाने ‘मला तर काही वास येत नाही’ असे म्हटले, पण बाहेरून नुकत्याच आलेल्या मुलाने किंवा शेजाऱ्याने गॅसचा वास येतोय असे सांगितले, तर त्या वेळी बाहेरून आलेल्याच्या नाकावर विश्वास ठेवावा.