थ्रीडी पॉइंट क्लाउडवरून वस्तू ओळखणं

डेप्थ कॅमेरा (प्रत्येक ठिकाणचं अंतर मोजणारा कॅमेरा) किंवा लेझर स्कॅनरने मोजलेल्या पृष्ठभागावरून समोर कोणती वस्तू आहे आणि ती नेमकी कुठे, कुठल्या कोनात पडलीय हे कॉम्प्युटरने शोधून काढणं म्हणजे थ्रीडी ऑब्जेक्ट रेकग्निशन. फोटोत प्रत्येक पिक्सेलला रंग असतो, इथे प्रत्येक बिंदूला एक्स, वाय, झेड असे तीन आकडे असतात, आणि अशा हजारो-लाखो बिंदूंच्या ढिगाला पॉइंट क्लाउड म्हणतात. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे माप खरं मिळतं, त्यामुळे लांबची मोठी वस्तू आणि जवळची छोटी वस्तू यात गल्लत होत नाही, आणि रंग-सावल्यांचा त्रासही बराच कमी होतो.

अंतर मोजायचे मार्ग वेगवेगळे आहेत: दोन कॅमेरे लावा, ठिपक्या-पट्ट्यांचा प्रकाश टाकून तो किती सरकला ते बघा, नाहीतर प्रकाश जाऊन परत यायला किती वेळ लागला ते मोजा (प्रकाश एका नॅनोसेकंदात जेमतेम ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळ किती बारीक लागत असेल बघा). २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट हा गेमिंगसाठीचा डेप्थ कॅमेरा आला आणि हे प्रकरण लॅबमधून एकदम सगळ्यांच्या हातात आलं.

पण खरी गोची वेगळीच आहे. एका जागेवरून वस्तूची फक्त पुढची बाजू दिसते, मागची नाहीच, आणि पुढचीही शेजारच्या वस्तूंनी अर्धी झाकलेली असू शकते. काच आणि चकचकीत धातूवर तर बिंदू गायबच होतात किंवा भलतीकडे उमटतात. म्हणून वस्तूच्या आधीच तयार असलेल्या थ्रीडी मॉडेलशी पूर्ण आकार जुळवायच्या भानगडीत न पडता छोटे छोटे तुकडे जुळवायचे, ही इथली जुनी आणि माझ्या मते सगळ्यात शहाणी युक्ती.

जॉन्सन आणि हेबर्ट यांची १९९० च्या दशकातली स्पिन इमेज हेच करते. एक बिंदू घ्यायचा, तिथे पृष्ठभागाला काटकोनात जाणारी रेषा म्हणजे नॉर्मल काढायची, मग आजूबाजूचा प्रत्येक बिंदू त्या रेषेपासून किती लांब आणि रेषेच्या दिशेने किती वर-खाली आहे एवढे दोनच आकडे घेऊन एक छोटं चित्र बनवायचं. वस्तू कशीही फिरवली तरी हे चित्र तेच राहतं. पुढे २००९ मध्ये एफपीएफएच, २०१० मध्ये शॉट असे आणखी डिस्क्रिप्टर, म्हणजे बिंदूभोवतीचा आकार आकड्यांत सांगायच्या पद्धती, आल्या. त्याच २०१० मध्ये ड्रोस्ट आणि सहकाऱ्यांनी बिंदूंच्या जोड्या वापरल्या, प्रत्येक जोडीचं एक अंतर आणि तीन कोन टेबलमध्ये भरून ठेवायचे आणि सीनमधल्या, म्हणजे समोर स्कॅन केलेल्या दृश्यातल्या, जोड्यांकडून वस्तूच्या जागेसाठी मतदान घ्यायचं.

डिस्क्रिप्टर वापरून मॉडेलचा एक बिंदू आणि सीनमधला एक बिंदू अशा जुळवलेल्या जोड्यांतल्या बऱ्याच खोट्या निघतात. त्या गाळायला १९८१ चं रॅन्सॅक, म्हणजे मोजक्या जोड्या रँडम उचलून उत्तर काढायचं आणि बाकीच्या किती जोड्यांना ते पटतं ते बघायचं, अजून चालतं, कारण एका रेषेत नसलेल्या तीन खऱ्या जोड्या मिळाल्या की वस्तूची जागा आणि कोन ठरतो. शेवटचा बारीक फरक आयसीपी काढतं: जवळचा बिंदू शोधा, मॉडेल थोडं सरकवा, परत शोधा. बेसल आणि मॅके यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या या पद्धतीला सुरुवातच चुकीची दिली तर मात्र ती चुकीच्या जागीच खुशाल स्थिरावते.

२०१७ मध्ये पॉइंटनेट आलं. बिंदूंना काही क्रम नसतो, मग न्यूरल नेटवर्कला द्यायचे कसे? उत्तर अगदी साधं निघालं, प्रत्येक बिंदू एकाच नेटवर्कमधून वेगळा काढायचा आणि शेवटी प्रत्येक फीचरची (नेटवर्कने प्रत्येक बिंदूसाठी काढलेल्या आकड्याची) सगळ्या बिंदूंमधली कमाल किंमत तेवढी ठेवायची, मग बिंदू कितीही पिसले तरी उत्तर तेच. ‘ही खुर्ची आहे’ अशी जात ओळखायला हे भारी, कारण जगातल्या प्रत्येक खुर्चीचं मॉडेल कोण देणार. पण रोबोटला पेटीतून ठरावीक पार्ट उचलायचा असेल आणि त्याचं कॅड मॉडेल (कॉम्प्युटरवर काढलेलं थ्रीडी डिझाइन) हातात असेल तर जुनी भूमिती अजिबात बाद झालेली नाही, उलट तिला हजारो लेबल लावलेली उदाहरणं लागत नाहीत.

गोल दांड्यासारख्या सिमेट्रिक वस्तूंचं त्रांगडं दोन्हीकडे आहे. तो स्वतःभोवती किती फिरलाय हे पृष्ठभागावरून कळणं शक्यच नाही, म्हणून अशा वेळी सगळे कोन बरोबरच धरून चूक मोजावी लागते.